फुप्फुसाच्या अरुंद धमन्यांचा बलून आणि उजवं हृदय: ही ट्रीटमेंट इथवर आली कशी

हृदयाची अँजिओप्लास्टी सगळ्यांना माहितीये, पण फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांचीही बलूनने अँजिओप्लास्टी होते हे फार कमी लोकांच्या कानावर असतं. आणि गंमत म्हणजे तिचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो हृदयालाच.

आधी आजार समजून घेऊ. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, बहुतेकांची रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर काही महिन्यांत विरघळून जाते, पण काहींची विरघळत नाही, ती धमनीच्या भिंतीला चिकटते, कडक होते आणि आत जाळ्या नि पट्ट्या तयार होतात. त्यामुळे फुप्फुसाच्या धमन्यांतलं प्रेशर कायमचं वाढतं, याला सीटीईपीएच म्हणतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ, कारण त्याला रक्त शेजारच्या फुप्फुसातच तर ढकलायचं असतं, तिथल्या धमनीतलं सरासरी प्रेशर नॉर्मली १४ मिमीच्या (पाऱ्याच्या) आसपास. ते ४०-४५ वर गेलं की कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो आणि डाव्या कप्प्याला नीट भरायलाही जागा उरत नाही. मग जिना चढताना दम, चक्कर, पायाला सूज.

यावर पहिला खरा उपाय सर्जरीचा. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत सॅन दिएगोला केनेथ मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली, पुढे स्टुअर्ट जेमिसन यांनी तिची पद्धत बसवली: शरीर २० अंशांच्या आसपास थंड करायचं, रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचं आणि एका वेळी साधारण २० मिनिटांत धमनीचं आतलं अस्तर गुठळीसकट सोलून काढायचं. ज्यांना ती झेपते त्यांच्यासाठी आजही हाच पहिला पर्याय. पण अडथळे खूप आतल्या बारीक फांद्यांमध्ये असतील तर सर्जनचा हात तिथे पोचत नाही, आणि असे पेशंट कमी नाहीत.

बलूनची कल्पना होतीच. ग्रुंटझिग यांनी १९७७ ला झुरिकमध्ये हृदयाची धमनी बलूनने उघडली, १९८३ मध्ये जेम्स लॉक यांनी जन्मतः फुप्फुसाच्या धमन्या अरुंद असलेल्या मुलांवर बलून वापरल्याचं छापलं, आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समधून जुन्या गुठळीच्या एका पेशंटची केस आली. २००१ मध्ये बॉस्टनच्या टीमने १८ पेशंटचे रिझल्ट दिले. प्रेशर ४३ वरून ३४ च्या जवळ आलं, पण ११ जणांच्या फुप्फुसात पाणी झालं, तिघांना व्हेंटिलेटर लागला. एवढा धोका बघून पुढची दहाएक वर्षं बहुतेकांनी नाद सोडला.

तो सोडला नाही जपानने, आणि मला या सगळ्यात त्यांचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. ओकायामाच्या मात्सुबारा यांच्या टीमने एकदम मोठा बलून फुगवणं बंद केलं, धमनीच्या आतून अल्ट्रासाऊंड करून खरी रुंदी मोजायची, तार जाळीच्या भोकातून पलीकडे न्यायची, पहिल्यांदा छोटाच बलून फुगवायचा, एका वेळी थोड्याच फांद्या आणि बाकीच्या पुढच्या सेशनला. स्टेंट नाही, बलूनने जाळी फाटून भिंतीकडे सरकते तेवढं पुरतं. २०१२ मध्ये त्यांनी ६८ पेशंटचे आकडे दिले, सरासरी प्रेशर ४५ वरून २४ वर. फुप्फुसाला इजा तेव्हाही बऱ्याच जणांना झाली, पण कसब वाढत गेलं तसा धोका कमी होत गेला.

आणि उजवा कप्पा? पुढे एमआरआय आणि इकोवर दिसायला लागलं की धमनीतला अडसर निघाला की फुगलेला कप्पा परत लहान होतो, त्याचं पंपिंग सुधारतं, डावीकडे ढकललेला पडदा जागेवर येतो. इतकी वर्षं ताणलेला स्नायू असा सावरतो ही फार मोठी गोष्ट आहे.

दरम्यान २०१३ ला रिओसिग्वाट ही फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारी गोळी आली. फ्रान्समध्ये बलून विरुद्ध गोळी अशी ट्रायल झाली, ती २०२२ ला छापून आली. फुप्फुसात रक्ताच्या वाहण्याला होणारा विरोध बलूनने सुमारे ६० टक्के कमी झाला, गोळीने सुमारे ३३. गंभीर त्रास मात्र बलूनवाल्यांना जास्त झाला, पण ज्यांनी आधी गोळी घेतली आणि मग बलून केला त्यांना तो बराच कमी झाला, म्हणून प्रेशर खूप असेल तर आता आधी गोळी आणि मग बलून असा क्रम बऱ्याच ठिकाणी धरतात.

एक मात्र कळकळीने सांगतो. गुठळीचा आजार होऊन गेलाय, तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या झाल्यात आणि तरी दम लागतोय, तर "वय झालं" किंवा "दमा असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना इको आणि व्हीक्यू स्कॅनबद्दल (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) विचारा, कारण नुसत्या सीटीत बारीक फांद्यांतले अडथळे कधीकधी सुटतात.