जुना सॅम्प्लर: गोटेक बसवायचा की स्कझी कार्ड?

जुन्या सॅम्प्लरचा (आवाज साठवून तो सुरांत वाजवणारं वाद्य) फ्लॉपी ड्राइव्ह गेला की "एसडी कार्ड बसवून टाका" हा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यात दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ होते. गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारं यंत्र, बसतो फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी आणि त्याला लागते यूएसबी स्टिक. झुलूस्कझी, ब्लूस्कझी ही एसडी कार्डवाली कार्डं स्कझी (एससीएसआय, हार्ड डिस्क वगैरे जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्कची जागा घेतात. चुकीची वस्तू मागवली तर केबलच जुळत नाही, कारण फ्लॉपीची रिबन ३४ पिनांची असते आणि आतल्या स्कझीची ५० पिनांची.

गोटेकबद्दल मोठा गैरसमज वेगाचा आहे. यूएसबी स्टिक कितीही वेगवान घ्या, सॅम्प्लरला समोर ३०० आरपीएमने फिरणारी फ्लॉपीच दिसते. एका फेरीला ०.२ सेकंद लागतो. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे भरलेली फ्लॉपी वाचायला किमान ३२ सेकंद. आकाई एस१००० मध्ये मूळची २ एमबी मेमरी असेल तर हे सहज चालून जातं. तीच मेमरी ३२ एमबीपर्यंत वाढवली असेल तर १.६ एमबीच्या वीस फ्लॉप्या ओळीने लावाव्या लागतील. अशा मशीनला स्कझीच हवं, त्यात तडजोड नको. एस१००० ला स्कझी बोर्ड वेगळा बसवावा लागतो, म्हणून कार्ड मागवण्याआधी मागची बाजू नीट बघून घ्या.

बाजारातून आलेला गोटेक पीसीच्या १.४४ एमबी फ्लॉपीसाठी असतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) घालणं भागच आहे. खरी मेख फॉरमॅटमध्ये आहे. आकाईची मोठी फ्लॉपी आणि एन्सोनिक एएसआर-१० ची फ्लॉपी, दोन्हींची इमेज (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली नक्कल) बरोबर १६,३८,४०० बाइटची असते. पण आकाई एका ट्रॅकवर १०२४ बाइटचे १० सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) लिहितं आणि एन्सोनिक ५१२ चे २०. नुसत्या आकारावरून फर्मवेअरला हे कळायला मार्ग नाही. म्हणून स्टिकवरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'होस्ट'च्या ओळीत आकाई किंवा एन्सोनिक स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर इमेज धडधाकट असूनही सॅम्प्लर फ्लॉपी वाचेलच असं नाही.

त्याच फाइलमधली 'इंटरफेस'ची ओळ ३४ नंबरच्या पिनवर काय पाठवायचं ते ठरवते. 'शुगार्ट'मध्ये तिथे रेडीचा सिग्नल जातो, 'आयबीएमपीसी'मध्ये डिस्क बदलल्याचा. रेडीची वाट पाहणाऱ्या सॅम्प्लरला दुसरा सिग्नल मिळाला की तो फ्लॉपी नाहीच म्हणतो. आकाई एस९५० साठी तर याच ओळीत स्वतंत्र पर्याय आहे. केबल सरळ असेल तर गोटेकवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एस० वर ठेवा. पीसीसारखा मधे पीळ असेल तर एस१ वर. चालू केल्यापासून ड्राइव्हचा दिवा विझतच नसेल तर रिबन उलटी लागली आहे.

स्कझी कार्डाचं सेटिंग सोपं आहे, अडचणी येतात त्या विजेच्या आणि टर्मिनेशनच्या. कार्डावर इमेज फाइल टाकायची. नावात 'एचडी' आणि त्यापुढे आयडीचा, म्हणजे स्कझीवरच्या त्या उपकरणाच्या नंबरचा, आकडा. सीडी-रॉमची इमेज असेल तर 'सीडी' आणि आकडा. हा आयडी सॅम्प्लरच्या स्वतःच्या आयडीहून वेगळा हवा, नाहीतर डिस्क दिसतच नाही. आकाईच्या एस१००० घराण्यात एक पार्टिशन (डिस्कचा एक भाग) फार तर ६० एमबीचं होतं, त्यामुळे ३२ जीबीचं एसडी कार्ड घेऊन एकाच अवाढव्य इमेजची अपेक्षा धरू नका. लहान लहान इमेज करा आणि त्यांना वेगवेगळे आयडी द्या.

टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेले रोध, जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या फक्त दोन टोकांना हवं. ते चुकलं तर लहान फाइल लोड होते आणि मोठी अर्ध्यात अडकते, म्हणून लोक उगाच एसडी कार्डाला दोष देतात. काही सॅम्प्लर स्कझी कनेक्टरमधून टर्मिनेशनची वीजच देत नाहीत. अशा ठिकाणी बाहेर लावलेलं कार्ड मेल्यासारखं पडून राहतं. त्याला यूएसबीवाटे वेगळे ५ व्होल्ट द्या आणि सॅम्प्लरच्या आधी चालू करा.

जुनं स्कझीटूएसडी स्वस्तात मिळालं तर एवढं लक्षात घ्या, की ते फाइली वाचत नाही, एसडी कार्डावर थेट सेक्टर लिहितं. कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं जाईल. 'हो' म्हणालात तर सगळे सॅम्पल गेलेच. बॅकअप घ्यायचा तर पूर्ण कार्डाची कच्ची इमेज, म्हणजे सेक्टर जसेच्या तसे उतरवलेली नक्कल, काढा.