वजन जमिनीला टेकेपर्यंत

जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 79 झाल्या, तर काय बिघडलं? एखाद्या गवयाला विचारा. स्वर जवळपास सव्वा टक्क्याने चढतो, आणि सव्वा टक्का म्हणजे 81 भागिले 80, एक प्रमाणश्रुती, म्हणजे जाणत्या कानाला कळणारं स्वरांमधलं बारीकसं अंतर. घरच्या ग्रामोफोनचा वेग चुकला तर स्क्रू फिरवून तो जागेवर आणता येतो. पण मूळ तबकडी ज्या यंत्रावर कोरली जाते, तेच डळमळलं तर ती चूक खाचेत उतरते आणि तिच्यावरून घेतलेल्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक तबकडीत जाते.

हे कोरणारं यंत्र म्हणजे मुळात लेथच, कारखान्यातलं कातकामाचं यंत्र. खाली जड चकती फिरते, वर एक लांब स्क्रू कोरणीला कडेकडून मधल्या बाजूला सरकवत नेतो, दर फेरीला साधारण पाव मिलिमीटर. फरक एवढाच, की लेथवरच्या कारागिराला, टर्नरला, आपलं हत्यार जराही थरथरू द्यायचं नसतं. इथे हत्याराने थरथरायचंच असतं, फक्त आवाजाच्या सांगण्यावरून. साडेतीन मिनिटांत 273 फेऱ्या होतात आणि कोरणी जवळजवळ सात सेंटिमीटर आत येते. दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढ्यात भरते. आपल्याकडच्या बुजुर्ग गायकांना अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला, तो या हिशेबामुळे.

1925 च्या सुमारास अशी उत्तम यंत्रं विजेच्या मोटरवर नव्हे, तर दोरी-पट्ट्याला टांगलेल्या वजनावर चालत. ही मागासलेली सोय नव्हती. मोटर धक्क्याधक्क्याने फिरते, तिची घरघर कोरणीपर्यंत पोचते आणि गाण्यासोबत कोरली जाते. खाली येणाऱ्या वजनाची ओढ मात्र पहिल्या सेकंदाला जेवढी, तेवढीच शेवटच्या सेकंदाला. शक्ती किती लागते? समजा 50 किलोचं वजन 200 सेकंदांत एक मीटर खाली आलं, तर हिशेब अडीच वॅटच्या आसपास येतो. रात्रीचा छोटा दिवा लागेल एवढी. त्या शक्तीला लगाम घालतो गव्हर्नर नावाचा वेग आवरणारा भाग: वेग वाढला की त्याचे गोळे बाहेर फाकतात, घर्षण वाढतं आणि वेग पुन्हा खाली येतो. जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असेल, तर हे सगळं नाजूक गणित कोलमडतं. म्हणून अशा यंत्राची दुरुस्ती सुरू होते ती घासण्यापुसण्यापासून.

अमेरिकेतले ध्वनी-अभियंते निकोलस बर्ग यांनी हेच काम हाती घेतलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीची 1925 ची विद्युत ध्वनिमुद्रण व्यवस्था आणि वजनावर चालणारी स्कली कंपनीची लेथ त्यांनी विखुरलेले मूळ सुटे भाग मिळवून पुन्हा उभी केली. त्यात सुमारे दहा वर्षं गेली. एक मायक्रोफोन, माणसाच्या उंचीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ही लेथ, बस्स.

मला स्वतःला या व्यवस्थेतला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो तो रबराचा. धातूची कोणतीही लहान पट्टी ठोकली की एका ठरावीक स्वरात वाजते. कोरणीचंही तसंच. तो ठरावीक स्वर गाण्यात आला की ती गरजेपेक्षा जास्त थरथरते आणि तबकडीत तेवढा एकच स्वर किंचाळतो. अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन-संशोधन प्रयोगशाळेतल्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी यावर उपाय शोधला तो लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांच्या शास्त्रातून. खांबाला बांधलेली दोरी झटकली तर लाट खांबापर्यंत जाऊन उलटी परत येते. पण दोरी पुरेशी लांब आणि लाट गिळणारी असेल, तर परत काहीच येत नाही. त्यांनी कोरणीच्या यंत्रणेला सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची रबराची कांडी जोडली. जादा थरथर पिळाच्या रूपाने त्या कांडीत शिरते आणि तिथेच विरून जाते. आधीच्या, विजेशिवाय भोंग्यात गाऊन कोरण्याच्या पद्धतीत साधारण 2,000 ते 2,500 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) वरचं फारसं काही उतरत नसे. या पद्धतीत मजल 5,000 च्या पुढे गेली.

पण रबर म्हातारं होतं. हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होऊन तडकतं, नाहीतर चिकट होऊन ओघळतं. पितळ आणि पोलाद शंभर वर्षं टिकतं, आणि त्या अख्ख्या यंत्राचा आवाज ज्याच्यावर अवलंबून असतो ती कांडीच आधी जाते. नवी घालायची तर नुसती मापाला बसून चालत नाही. मऊपणा आणि जाडी जुळली नाही, तर लाट सांध्यावरूनच परत फिरते आणि किंचाळणारा स्वर पुन्हा हजर.

ते जुळलं की नाही, हे डोळ्यांनी बघता येतं. घरात जुनी तबकडी असेल तर खिडकीशी उन्हात तिरकी धरून पाहा: खाचांवर एक चमकता पट्टा दिसेल, कुठे रुंद, कुठे अरुंद. जिथे कोरणी जास्त वेगाने हलली तिथे तो रुंद. 1930 साली जर्मनीत बुखमान आणि मेयर यांनी यावरून मोजमापाची रीतच बसवली. कोरणी सारख्याच वेगाने हलावी अशा बेताने निरनिराळ्या उंचीचे स्वर एकापाठोपाठ कोरायचे आणि पट्टा बघायचा. मध्येच एखाद्या जागी तो फुगला, तर तिथे कोरणी स्वतःचा स्वर मिसळते आहे.

बर्ग यांच्या यंत्रावर आजच्या गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण झालं, ते 2017 साली एका माहितीपटातून लोकांनी पाहिलं. वजन जमिनीला टेकायच्या आत गाणं संपवायचं, खोडायची सोय नाही. मध्येच एकदा वजन पेलणारा पट्टाच तुटला. संगीतकार जॅक व्हाइट तो घेऊन सोफ्यांची कापडं शिवणाऱ्या दुकानात गेले, तो शिवून आणला, आणि वजन पुन्हा वर चढलं.