एका श्वासात गाणारी मंडळी

समूहगानात सगळ्यांची हृदये एकाच ठोक्यावर धडधडू लागतात, असे विधान अलीकडे वारंवार वाचायला मिळते. विधान सुंदर आहे, पण ते शब्दशः खरे नाही. आणि जे खरे आहे ते माझ्या मते त्याहून अधिक विलक्षण आहे. दुःखाने खचलेली, एकटी पडलेली माणसे चर्चमधील उपासनेत मंडळीबरोबर गाऊ लागली की हळूहळू पुन्हा उभारी धरतात, असे अनेकांनी अनुभवले आहे. त्यातील श्रद्धेचा भाग मोजण्याचे साधन विज्ञानाकडे नाही. परंतु गाताना शरीरात काय घडते, हे बऱ्याच बारकाईने मोजता येते.

शांत बसलेल्या निरोगी माणसाचे हृदय घड्याळासारखे समान अंतराने ठोके देत नाही. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घेतला, तर नाडी किंचित जलद झालेली जाणवते आणि श्वास सोडताना ती संथ होते. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये हा चढउतार प्रयोगात नोंदवला होता. त्यामागे मेंदूच्या तळाशी उगम पावून छाती व पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता आहे. हृदयाच्या उजव्या अलिंदातील ठोके सुरू करणाऱ्या पेशींना मोकळे सोडले, तर त्या मिनिटाला सुमारे १०० ठोके देतील. व्हेगस चेता अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सोडून त्यांना सतत आवरून धरते, म्हणून विश्रांतीत आपली नाडी ७०च्या आसपास राहते. श्वास आत घेताना हा लगाम सैल होतो आणि श्वास सोडताना पुन्हा आवळला जातो. व्हेगसचा परिणाम एक-दोन ठोक्यांतच दिसतो, त्यामुळे हृदयाची गती श्वासाच्या पाठोपाठ चालू शकते.

आता गाण्याकडे वळू. भक्तिगीताची ओळ म्हणताना गायक झटकन श्वास भरतो आणि तो ओळ संपेपर्यंत पुरवून वापरतो. म्हणजेच गाणे हा दीर्घ, नियंत्रित उच्छ्वास असतो. ओळ कुठे संपते हे गीताची रचना ठरवते, त्यामुळे शेजारी उभे असलेले अनोळखी गायकही साधारण एकाच वेळी श्वास घेतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींकडून एकसुरी गुणगुणणे, भक्तिगीत आणि संथ मंत्र असे तीन प्रकार करवून घेतले. गाण्याची रचना श्वासाला जितकी बांधून ठेवणारी, तितके गायकांच्या हृदयगतीचे चढउतार एकमेकांशी जुळलेले आढळले. ठोके एकाच क्षणी पडत नव्हते. गती एकत्र वाढत होती आणि एकत्र मंदावत होती.

ओळ दहा सेकंदांची असेल, तर मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात, आणि या आकड्याला विशेष महत्त्व आहे. गळ्यातील रोहिण्यांमध्ये आणि महारोहिणीत रक्तदाब जाणणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयगती कमी करतो आणि दाब उतरतो. या चक्राची स्वाभाविक लय सुमारे दहा सेकंदांची आहे. झोक्याला त्याच्याच लयीत हात लावत राहिले की तो उंच जातो, तसेच त्या लयीतल्या श्वासाने हृदयगतीचे आंदोलन मोठे होते. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी परंपरेतील मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आणला आणि रक्तदाब सावरणारी ही यंत्रणा अधिक संवेदनशील झाली.

या निष्कर्षांचा आधार घेऊन विशिष्ट कंप्रतेचे स्वर पेशी दुरुस्त करतात किंवा गाण्याने नैराश्याची औषधे सोडता येतात, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे रसायन’ म्हणून त्यावर सगळे श्रेय लादणेही घाईचे आहे, कारण समूहगानानंतर त्याचे प्रमाण वाढल्याचे आणि घटल्याचे, असे दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत.

आपुलकीबाबतचा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या गायन, हस्तकला आणि लेखन वर्गांची सात महिने तुलना करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटी सर्वच वर्गांत जवळीक सारखीच निर्माण झाली होती. मात्र गाणाऱ्यांमध्ये ती फार लवकर आली. एकमेकांची ओळख होण्याआधीच त्यांच्यात सलगी निर्माण झाली होती. नुकताच शोक सोसून मंडळीत परतलेल्या, कोणाशी बोलण्याचे बळ नसलेल्या माणसाला हे लवकर येणे किती आवश्यक असते, हे सांगायला नको. लांब स्वर धरताना गायकवृंदातील गायक ठरवून वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात, म्हणून एकट्याच्या फुप्फुसांना न पेलणारा स्वर अखंड ऐकू येतो. आणि अशा माणसाचा कंठ मध्येच दाटून आला, तरी तो स्वर तुटत नाही, आणि पुढच्या श्वासाला त्याला पुन्हा त्यात सामील होता येते.