वाफेसाठी लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब

द्रवाची वाफ करण्यासाठी किती उष्णता लागेल हे काढण्याचे सूत्र एका ओळीत मावते: द्रवाचे वस्तुमान गुणिले त्या द्रवाचा बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता एक ग्रॅम द्रवाची वाफ करण्यास लागणारी उष्णता. पाण्याच्या बाबतीत ही दुसरी राशी १०० अंश सेल्सिअसला दर ग्रॅममागे २२५७ ज्यूल, म्हणजे जुन्या एककांत सुमारे ५४० कॅलरी इतकी आहे. गुणाकार कोणालाही जमतो. तो करताना कोणत्या एककातला आणि कोणत्या तापमानाचा आकडा घ्यायचा, याचा निर्णय मात्र विचारपूर्वक करावा लागतो आणि हिशेब चुकतात ते बहुधा तिथेच.

समजा, २५ अंश तापमानाच्या २५० ग्रॅम पाण्याची १०० अंशांची वाफ करायची आहे. पहिल्या टप्प्यात पाणी उत्कलनबिंदूपर्यंत तापवायचे. त्यासाठी २५० ग्रॅमला पाण्याच्या विशिष्ट उष्म्याने, म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवण्यास लागणाऱ्या ४.१८ ज्यूलने, आणि तापमानातील ७५ अंशांच्या वाढीने गुणले की सुमारे ७८ किलोज्यूल येतात. दुसऱ्या टप्प्यात तापमान बदलत नाही, त्यामुळे तापमानातील फरकाने गुणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २५० ला २२५७ ने गुणावे, सुमारे ५६४ किलोज्यूल मिळतात. एकूण बेरीज ६४२ किलोज्यूलच्या आसपास जाते. पाणी उकळीला आणण्यापेक्षा ते पूर्ण आटवण्यासाठी सातपटीहून अधिक उष्णता खर्च होते, आणि तापमापी त्याची काहीच नोंद दाखवत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट मोजली. एकसारख्या आचेवर पाणी उकळू लागण्यास लागलेला वेळ आणि त्यानंतर ते आटून जाण्यास लागलेला वेळ यांची तुलना करून त्यांनी तापमानात न दिसणाऱ्या उष्णतेचे माप काढले. उष्णता मोजण्याचे ज्यूल हे एककही तेव्हा अस्तित्वात नव्हते, हे लक्षात घेतले तर घड्याळाचा हा उपयोग विशेष चतुर वाटतो.

ही उष्णता जाते कुठे? तिचा बराच मोठा भाग रेणूंना एकमेकांच्या आकर्षणातून सोडवण्यात खर्च होतो. उरलेला लहान भाग वाफेला जागा करून देण्यासाठी लागतो, कारण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते आणि तिला भोवतालची हवा मागे सारावी लागते. एका मोल पाण्याला, म्हणजे १८ ग्रॅमला, १०० अंशांवर वाफ होण्यासाठी ४०.७ किलोज्यूल लागतात. त्यांपैकी हवा सारण्याचे काम सुमारे ३.१ किलोज्यूलचे असते. उरलेल्या ३७.६ किलोज्यूलवरून द्रवातील रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत याचा अंदाज येतो.

रसायनशास्त्रात ग्रॅमऐवजी मोलचा हिशेब अधिक सोयीचा ठरतो, कारण एका मोलमध्ये कोणत्याही पदार्थाच्या रेणूंची संख्या सारखीच असते. मात्र एककाची गल्लत झाली तर निष्कर्ष पार उलटा निघू शकतो. पाऱ्याला उत्कलनबिंदूवर एका मोलमागे सुमारे ५९ किलोज्यूल लागतात, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त. पण पाऱ्याचा एक मोल २००.६ ग्रॅमचा असल्यामुळे दर ग्रॅममागे हिशेब केला तर जेमतेम २९५ ज्यूल येतात, म्हणजे पाण्याच्या साडेसातव्या हिश्श्याएवढे. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. कणामागे तुलना करायची असेल तर पहिला वापरावा, भांड्यातील पदार्थाच्या वजनामागे करायची असेल तर दुसरा.

तापमानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाणी १०० अंशांच्या खालीही सतत वाफ होत असते आणि तेव्हा ४०.७ हा आकडा लागू पडत नाही. २५ अंशांचा आकडा काढण्यासाठी एक आडवाट घेता येते: पाणी २५ वरून १०० अंशांपर्यंत तापवायचे, तिथे त्याची वाफ करायची आणि ती वाफ पुन्हा २५ अंशांपर्यंत थंड झाली असे कागदावर मानायचे. एक मोल पाणी एक अंशाने तापवण्यास ७५.३ ज्यूल लागतात, म्हणून पहिल्या टप्प्यात ५.६५ किलोज्यूल खर्च होतात. मधल्या टप्प्यात ४०.७. वाफेसाठी हाच आकडा अंशामागे सुमारे ३३.६ ज्यूल असल्याने ती थंड होताना २.५२ किलोज्यूल परत मिळतात. बेरीज-वजाबाकी केल्यावर ४३.८ उरतात आणि २५ अंशांसाठीचे प्रमाणित मूल्य ४४.० किलोज्यूल आहे. स्थिर दाबाखाली उष्णतेचा एकूण हिशेब फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीवर अवलंबून असतो, मधल्या वाटेवर नाही, म्हणून ही युक्ती चालते. त्वचेवरचा घाम वाळताना दर ग्रॅममागे २२५७ ज्यूल नव्हे, तर २४०० हून अधिक ज्यूल उष्णता शोषली जाते, ती याच कारणाने. उलट, तापमान १०० च्या वर चढत जाते तसा हा आकडा घटत जातो आणि ३७४ अंशांजवळच्या क्रांतिक बिंदूवर शून्य होतो. तिथे द्रव आणि वाफ यांतील भेदच उरत नाही.

उष्णता प्रत्यक्ष न मोजताही, केवळ बाष्पदाबावरून, म्हणजे द्रवाशी समतोलात असलेल्या त्याच्या वाफेच्या दाबावरून, हा आकडा काढता येतो. क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरणानुसार दोन तापमानांच्या बाष्पदाबांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यावा, त्याला वायू-स्थिरांकाने (८.३१४) गुणावे आणि केल्व्हिनमधील त्या तापमानांच्या व्यस्तांकांच्या फरकाने भागावे. पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांवर ३.१७ आणि १०० अंशांवर १०१.३ किलोपास्कल असतो, यावरून ४२.७ किलोज्यूल येतात. हे उत्तर ४०.७ आणि ४४.० यांच्या मध्ये पडते, आणि ते तसेच पडायला हवे, कारण संपूर्ण पल्ल्यात उष्णता एकच धरण्याचे गृहीतक या पद्धतीत आहे.

हाताशी फक्त उत्कलनबिंदू असेल, तर ट्राउटन यांचा नियम कामाला येतो: केल्व्हिनमधील उत्कलनबिंदूला साधारण ८८ ने गुणावे, एका मोलमागचे ज्यूल मिळतात. बेंझीन ३५३ केल्व्हिनला उकळते, नियमाने ३१.१ किलोज्यूल येतात, मोजलेला आकडा ३०.७ आहे. इतक्या ढोबळ नियमाकडून याहून अधिक अपेक्षा करणे रास्त नाही. पाण्यासाठी मात्र तोच नियम ३२.८ सांगतो, म्हणजे जवळजवळ एक पंचमांशाने कमी, कारण द्रवरूप पाण्यात हायड्रोजन बंधांमुळे रेणूंची जी जास्तीची बांधणी असते, तीही मोडावी लागते. इथेनॉलचेही तसेच. हायड्रोजन बंध असूनही ॲसिटिक आम्ल नेमके दुसऱ्या टोकाला जाते: अंदाज ३४ किलोज्यूलचा, प्रत्यक्षात सुमारे २४. या आम्लाचे बरेचसे रेणू वाफेतही जोडीजोडीनेच राहतात. त्यांच्यातील बंध तुटतच नाहीत, म्हणून त्यांची किंमतही मोजावी लागत नाही.