ऑईलचा शॉकअप की गॅसचा?

सांगलीत स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात पिकअपचे मागचे शॉकअप, म्हणजे चाकाचे दणके जिरवणाऱ्या नळ्या, मागा, काउंटरवरून पहिला प्रश्न ठरलेला: "ऑईलचे देऊ का गॅसचे?" गाडीमालक मिस्त्रीकडं बघतो. मिस्त्री म्हणतो, "गॅसचेच घ्या मालक, ऑईलचं काय खरं नाही." मग दुकानदार दोन्ही शॉकअप काउंटरवर उभे करून हातानं दाबून दाखवतो. ऑईलचा दाबला की तिथंच बसून राहतो. गॅसचा दाबून सोडला की सावकाश आपोआप वर येतो. बघणाऱ्याला वाटतं, हा जिवंत आणि तो मेलेला. पैसे गॅसवर जातात.

माझेही असेच गेले. द्राक्षाच्या हंगामात माझी गाडी मणेराजुरी, सावळज भागातला माल भरून नवी मुंबईत वाशीला जाते. हंगामाच्या तोंडावर मागचे शॉकअप गळायला लागले, आणि मी दुकानात होती त्यातली सगळ्यात स्वस्त गॅसची जोडी उचलली. पेटीवर कधी न ऐकलेलं नाव होतं, पण गॅसची आहे एवढ्यावर मी समाधान मानलं. दीड महिन्यात दोन्ही रॉड तेलानं माखले. त्याच आठवड्यात वाशीला एक पेटी उघडली, तर घड वर आणि तळाला ओंजळभर सुटे मणी, खालचा कागद रसानं चिकट झालेला. व्यापाऱ्यानं भाव पाडला. शेतकऱ्यानं वर्षभर जपलेला माल माझ्या गाडीच्या गचक्यांनी गळाला, ही गोष्ट मनाला फार लागली. तेव्हापासून हे दोन शॉकअप नेमके कशानं वेगळे आहेत ते मी समजून घेतलं. ते इथं सांगतो.

घोटाळ्याचं मूळ नावातच आहे. ऑईलच्या शॉकअपमध्ये ऑईल आणि गॅसच्या शॉकअपमध्ये गॅस, असा आपला समज. प्रत्यक्षात दोन्हींत ऑईल असतं आणि दोन्हींत दणका जिरवायचं काम ऑईलच करतं. फरक एवढाच की ऑईलच्या वर जी रिकामी जागा राहते, तिथं एकात साधी हवा असते आणि दुसऱ्यात दाबानं भरलेला नायट्रोजन.

आमच्या मिस्त्रीनं मला जुना ऑईलचा शॉकअप हॅक्सॉनं कापून दाखवला होता. (गॅसचा असा कधी कापू नका. आत दाब असतो, गरम तेल आणि लोखंडाचा कीस थेट डोळ्यांत येतो.) कापल्यावर दिसतं ते असं: नळीच्या आत नळी. आतल्या नळीत रॉडच्या टोकाला पिस्टन, त्याला बारीक छिद्रं, आणि छिद्रांवर पोलादाच्या पातळ चकत्या. चाक वर-खाली झालं की पिस्टन तेलातून सरकतो, तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीनं पलीकडं जातं, आणि गाडीच्या हेलकाव्यातला जोर तेल तापवण्यात खर्ची पडतो. शॉकअपचं सगळं काम एवढंच, हालचालीची उष्णता करून टाकायची.

मग वर हवेची जागा ठेवायची कशाला? कारण रॉड आत शिरला की तो स्वतः जागा अडवतो. तेल दाबून लहान होत नाही. तेवढं तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जातं आणि तिथं मावायला मोकळी जागा लागते. ऑईलच्या शॉकअपमध्ये त्या जागेत हवा असते, आणि पुढची सगळी कटकट त्या हवेची.

वाईट रस्त्यावर, विशेषतः खडीवर, चाक सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतं. तेल तापतं, हवेत घुसळलं जातं आणि फेसाळतं. ताक घुसळताना रवी ताकात असेल तर हाताला ओढ लागते. वरच्या फेसात फिरवली तर काहीच लागत नाही. पिस्टनचं तेच होतं. तेलाऐवजी फेस समोर आला की तो मोकळा पळतो, आणि शॉकअप गाडीला असूनही नसल्यासारखा होतो. थोडा वेळ गाडी थांबली की फेस विरतो आणि शॉकअप पुन्हा कामाला लागतो. म्हणून गॅरेजमध्ये उभी गाडी तपासली तर काही दोष सापडत नाही, आणि ड्रायव्हर मात्र शपथेवर सांगतो की गाडी उडत होती. दोघंही खरंच बोलत असतात.

नायट्रोजन नेमका हा फेस रोखायला भरलेला असतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर आहे तोवर आत एक बुडबुडा दिसत नाही; गोटी दाबली की सगळी बाटली फसफसते. दाब आहे तोवर तेलात बुडबुडे धरत नाहीत. पिकअपला मिळणाऱ्या साध्या गॅसच्या शॉकअपमध्ये हा दाब साधारण चार ते आठ बार असतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज येईल.

आता काउंटरवरच्या त्या प्रात्यक्षिकाकडं वळू. गॅसचा शॉकअप आपोआप वर येतो तो फक्त या दाबामुळं. आतला दाब रॉडला बाहेर ढकलतो. किती जोरानं? १४ मिलिमीटरचा रॉड धरा, त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा जोर. आठ बार दाब धरला तरी ढकल येते १२ किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंची मिळून २५ किलोच्या आसपास. गाडी माल वाहते तेराशे ते सतराशे किलो. म्हणून "गॅसचे टाकले की गाडी उचलते, जादा माल बसतो" हे जे सांगितलं जातं, त्यात काहीही अर्थ नाही. माल पाटे उचलतात, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मागचा हौदा खाली बसला असेल तर पाटे बसले आहेत, आणि त्यावर शॉकअप घालणं म्हणजे पाठ दुखत असताना गुडघ्याला तेल लावणं. आधी पाटे उतरवून बघा, एखादा पाटा तुटलेलाही सापडतो.

मग ऑईलचा बसून राहतो, त्यात खोट नाही का? नाही. तो बसूनच राहायला हवा, त्याच्यात वर ढकलणारं काही नाही. उलट, गोदामात आडवा पडून असल्यामुळं त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते आणि पहिले दोन-तीन हात तो अगदी मोकळा लागतो. दुकानदाराला सांगा, रॉड वर करून सरळ उभा धरू दे, आणि पाच-सहा वेळा पूर्ण खेचून पूर्ण दाबा. हवा वर निघून जाते आणि मग खरा हात लागतो. जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे, मध्येच सुटता कामा नये. दाबण्यापेक्षा खेचायला जड लागलं तर घाबरू नका. बहुतेक शॉकअप तसेच बनवलेले असतात, कारण दबलेला पाटा उसळून वर येतो तेव्हा त्याला आवरणं जास्त गरजेचं असतं. ही परीक्षा दोन्ही जातींना लावा. आपोआप वर येण्याला मार्क देऊ नका.

एक तिसरी जातही आहे, एकाच नळीची. तिच्यात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, दाब वीस बारच्या वर. ही रचना फ्रेंच इंजिनिअर द कार्बोन यांची, आणि १९५७ मध्ये जर्मनीच्या बिलस्टाईननं मर्सिडीजसाठी ती कारखान्यातून काढायला सुरुवात केली. उत्तम चीज आहे, पण आपल्या कामाला मी ती सुचवणार नाही. महाग तर आहेच, शिवाय पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरतो, त्यामुळं एक दगड उडून नळीला पोचा पडला की शॉकअप अडकला. दुहेरी नळीचा तसा एखादा पोचा सोसतो.

तर घ्यायचा कुठला? माझं मत रस्त्यावरून ठरतं. गाडी गावातून मार्केट यार्डात, वीटभट्टीवर, दूध संकलनाला फिरत असेल, फेऱ्या छोट्या असतील, मध्ये मध्ये गाडी थांबत असेल, तर तेलाला फेस धरण्याइतका ताप येतच नाही. अशा गाडीला नावाजलेल्या कंपनीचे ऑईलचे शॉकअप पुरेसे आहेत, आणि वाचलेले पैसे पाट्याच्या बुशांवर (बोल्टभोवतीच्या रबरावर) घालावेत. पण जतकडच्या उखडलेल्या रस्त्यानं तास-तासभर न थांबता पळवायची असेल, किंवा माझ्यासारखं रात्रभर महामार्गावर, कराड-सातारा पट्ट्यातल्या कामामुळं सेवा रस्त्यांच्या खड्ड्यांतून नाशवंत माल न्यायचा असेल, तर गॅसचे घ्या. परतीला रिकामी गाडी खंबाटकी घाट उतरताना शेपटी टाकते का, यावरूनही फरक कळतो. रिकाम्या गाडीला पाटे कडक पडतात आणि मागची चाकं वळणावर उड्या मारतात. तिथं त्यांना जमिनीला धरून ठेवणारा शॉकअपच.

आणि पैसे अगदीच मर्यादित असतील तर क्रम असा: बिननावाच्या गॅसपेक्षा नावाचं ऑईल केव्हाही बरं. शॉकअप मरतो तो बहुतेक वेळा सीलमुळं, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यामुळं. सील आणि रॉडवरचा क्रोमचा मुलामा हे दोन्ही महाग काम आहे, आणि स्वस्त माल बनवणारा पहिली काटछाट तिथंच करतो. गॅसच्या शॉकअपमध्ये सीलवर दाब कायमचा असतो, म्हणून हलकं सील तिथं आणखी लवकर हरतं. गॅस निघून गेला की तुमच्या हातात ऑईलचाच शॉकअप उरतो, तोही गळका. माझ्या जोडीचं तेच झालं होतं.

दोन-तीन गोष्टींत पैसे खरोखर वाचतात. गाडीच्या कंपन्या शॉकअप सहसा स्वतः बनवत नाहीत, बनवणाऱ्यांकडून घेतात. गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी १९६१ पासून आपल्याकडं हेच काम करते. अशा बनवणाऱ्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या पेटीत घेतला तर गाडीच्या कंपनीच्या पेटीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. मात्र पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी आणि सालाशी जुळवून घ्या, कारण एकाच नावाच्या पिकअपला क्षमतेप्रमाणं वेगळे शॉकअप येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, शॉकअपवर तो आधी २८ टक्के होता. जुन्या स्टॉकच्या पेटीवर जुनी एमआरपी छापलेली असेल तर हे दुकानदाराला आठवण करून द्या आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटीचा कागद कामाचा नाही.

भरून दिलेले जुने शॉकअप मात्र घेऊ नका. वर ताजा काळा रंग असतो, आत कुठलं तेल आणि किती, हे भरणाऱ्यालाच ठाऊक.

ज्यांनी जादा पाटा टाकून गाडी उंच केली आहे त्यांनी एक माप जरूर घ्यावं. गाडी रिकामी उभी करून वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. शॉकअप पूर्ण खेचल्यावर त्याची लांबी या अंतरापेक्षा चांगली जास्त भरली पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात रॉड वरच्या टोकाला आदळतो आणि नवा शॉकअप महिन्यात सील फोडतो. मग दोष कंपनीला, खरं कारण पाटा.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. एका एक्सलचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलायचे, एक जुना एक नवा नको. ऑईलचा असो वा दुहेरी नळीचा गॅसचा, चढवण्याआधी सरळ धरून हवा काढायची. गॅसचा रॉड दाबून ठेवायला बांधलेली पट्टी शॉकअप जागेवर धरल्यावरच कापायची. वरचा नट आवळताना रॉड फिरायला लागला की काही जण चकचकीत रॉडच पकडीनं धरतात. हे अजिबात करू देऊ नका. पकडीच्या दातांचा एक ओरखडा सीलला रोज करवतीसारखा घासतो. आणि शॉकअपच्या टोकाच्या कडीतल्या (डोळ्यातल्या) बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते लावून ठेवायचे, शेवटचा हात गाडी चाकांवर उतरवल्यावर द्यायचा. अधांतरी आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग खट खट आवाज येतो आणि लोक पुन्हा शॉकअपच बदलतात.

नवी जोडी बसवल्यानंतर मी भरल्या गाडीनं मिरजेहून नागज फाट्यापर्यंत गेलो, मधे दोन ठिकाणी मुद्दाम खराब पट्टा धरला. फाट्यावर उतरून चारही शॉकअपच्या नळीला हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन, मग टेकवून बघितली. चारही गरम होते, डावा-उजवा सारखाच. जुन्या जोडीच्या वेळी असंच बघितलं होतं, तर मागचा डावा चाळीस किलोमीटर धावूनही थंडगार होता.