जुनी कॉर्व्हेट बघायला येताना : १९६३ ते १९६७ च्या गाड्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे विक्रीला असलेली स्टिंग रे (याच वर्षांतली शेव्हरोलेची कॉर्व्हेट) बघायला येताना अंगावर जुने कपडे घाला. गाडी लिफ्टवर चढवून देतो, टॉर्च देतो. खालून बघितल्याशिवाय किमतीची बोलणी करू नका. रंग चांगला मारणं हे या गाडीतलं सगळ्यात सोपं काम आहे.

'बॉडी फायबरची (काचतंतू आणि रेझिनची), म्हणजे गंजाची चिंता नाही' हे अर्धंच खरं. फायबरच्या आत पुढची काच आणि दरवाजे धरून ठेवणारा पोलादी सांगाडा असतो, त्याला बर्डकेज म्हणतात. काचेच्या कडेने झिरपलेलं पाणी खांबाच्या तळाशी मुरतं आणि पत्रा आतून खातं. वरचा रंग तसाच तुकतुकीत राहतो. पाय ठेवतो तिथली दोन्ही बाजूंची पॅनल काढून आत बघा. पापुद्रे सुटत असतील किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत घुसत असेल, तर तो खर्च रंगाच्या खर्चाहून मोठा आहे, कारण बऱ्याचदा बॉडी चॅसीवरून उतरवावी लागते. चॅसीत कमकुवत जागा म्हणजे मागच्या चाकांच्या पुढे ती वर वळते तो भाग. पोकळ नळीत माती आणि पाणी साचतं. लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला की थांबा. अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे चाललेल्या गाडीला हे जास्त काळजीने करा.

फायबरमध्ये बघायच्या त्या तडा आणि जुने अपघात. कारखान्यातले पॅनल साच्यात दाबून केलेले, म्हणून आतूनही बऱ्यापैकी गुळगुळीत असतात. बॉनेटखाली किंवा चाकाच्या कमानीत काचतंतू खरखरीत दिसले तर पुढचा भाग नंतर बसवलेला आहे. तसं असलं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण किमतीत ते दिसायला हवं. तडेवर नुसती लांबी (पुट्टी) भरली की थोड्या महिन्यांत ती पुन्हा उमटते. तडा खणून काचतंतू आणि रेझिन भरावं लागतं.

आता नंबर. गाडीचा नंबर ग्लोव्ह बॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असतो, शेजारी रंग आणि आतल्या सजावटीचे कोड देणारी दुसरी पट्टी. १९६५ ते ६७ मध्ये नंबर १९४३७ ने सुरू झाला तर कूपे (पक्क्या छताची), १९४६७ ने तर कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची). पुढचा अंक वर्षाचा आणि नंतरचा 'एस' सेंट लुई कारखान्याचा. इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक सपाट तुकडा आहे. तिथे इंजिन कुठल्या कारखान्यात जोडलं त्याचं अक्षर (टी म्हणजे टोनावांडा, एफ किंवा व्ही म्हणजे फ्लिंट), महिना-दिवस, प्रकाराची अक्षरं आणि गाडीच्या नंबरातला भाग ठोकलेला असतो. ब्लॉक कधी ओतला ती तारीख वेगळी, मागच्या बाजूला. आधी ओतकाम, मग जोडणी, मग गाडी, असाच क्रम लागला पाहिजे. त्या सपाट जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक रेषा नसतील, तर ती कधीतरी घासली गेली आहे. ओव्हरहॉलमध्ये डेक (ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग) मशीन केल्यानेही अंक जातात, पण नवे अंक ठोकणारेही भरपूर आहेत. आम्ही 'मूळ इंजिन' तेव्हाच लिहितो, जेव्हा या सगळ्या खुणा जुळतात.

१९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. कॅलिपरमध्ये चार-चार पिस्टन, आणि गाडी उभी राहिली की सिलिंडर गंजून तेल गळतं. त्यावर सिलिंडरमध्ये स्टीलचे स्लीव्ह (आतले अस्तर) बसवणं हा कायमचा उपाय. पेडल पुन्हा पुन्हा मऊ होत असेल आणि गळती कुठेच नसेल, तर डिस्क डगमगते आहे. मूळ डिस्क हबला रिव्हेटने पक्की असते. रिव्हेट काढून नुसती नवी बसवली की डगमग येते, पिस्टन पुढे-मागे होतो आणि सीलमधून हवा आत ओढतो. आम्ही डायल गेज (डगमग मोजायचं घड्याळ) लावून ती दोन-तीन हजारांश इंचात आणतो. तो आकडा तुमच्या बिलावर मिळेल.

मागच्या चाकांचे हाफ-शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) सस्पेन्शनचं कामही करतात. त्यामुळे त्यांच्या टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) झिजले की फक्त आवाज येत नाही, चाकाचा कोनही बिघडतो. चाकं हवेत असताना वर-खाली हलवून प्ले बघा.

दिवा लागत नसेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची वायर बघा. फायबरमधून करंट वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थ आहे. हेडलाइट फिरवणारी मोटर अडकली तर तिच्यावरची घुंडी हाताने फिरवून दिवे उघडता येतात.

गाडी घेतल्यावर ऑइल झिंक असलेलंच घाला, नाहीतर कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी जुने रबरी पाइप चालत नाहीत, ते बदललेत का ते आम्हाला विचाराच. ब्रेक ऑइल डॉट ३ आहे की सिलिकॉनचं डॉट ५, हे मास्टर सिलिंडरच्या झाकणावर आम्ही चिठ्ठी लावून लिहितो. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.