माइक टायसन्स पंच-आउट!!

निन्टेन्डोने एनईएस या घरगुती कंसोलसाठी १९८७ मध्ये काढलेला मुष्टियुद्धाचा व्हिडिओ गेम. दिग्दर्शक गेन्यो ताकेदा. खेळाडू ब्राँक्सच्या लिटल मॅकच्या भूमिकेत तीन सर्किटमधले (चढत्या टप्प्यांतले) प्रतिस्पर्धी एकेक करून हरवतो आणि शेवटी माइक टायसन या खऱ्या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यापुढे उभा राहतो. नाव मुष्टियुद्धाचे असले, तरी हा खरा खेळ इशारे ओळखण्याचा आहे. नुसती बटणे बडवणारा पहिल्या सर्किटच्या पुढे क्वचितच जातो.

१९८४ च्या मूळ आर्केड गेममध्ये आपला योद्धा हिरव्या रेषांचा, आरपार दिसणारा होता; त्यामुळे समोरचा झाकला जात नसे. एनईएसला ते झेपणारे नव्हते, म्हणून मॅकलाच बुटका केला. एनईएसच्या स्प्राइटना, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांना, एका आडव्या ओळीत आठची मर्यादा असते. एवढा धिप्पाड प्रतिस्पर्धी त्यांत बसणार नाही, म्हणून तो मुख्यतः पार्श्वभूमीच्या टाइल्समधून (छोट्या चौकोनी चित्रतुकड्यांतून) रेखाटला आहे. त्यासाठी कॅसेटमध्ये एमएमसी२ ही चिप बसवली. पडद्यावर ठराविक टाइल येताच ती चित्रांचा संच आपोआप बदलते.

ए म्हणजे उजवा ठोसा, बी म्हणजे डावा. दोन्ही पोटात बसतात. वरची दिशा दाबून मारले की तोंडावर. डावी-उजवी दिशा हुलकावणीसाठी, खालची बचावासाठी, तीच पटकन दोनदा दाबली की मॅक खाली वाकतो. मार बसला किंवा आपला ठोसा अडला की दम दाखवणारे पडद्यावरचे बदाम कमी होतात. ते शून्यावर आले की मॅक गुलाबी पडतो आणि ठोसा मारूच शकत नाही. हुलकावण्या देत दम परत मिळवावा लागतो. नेमक्या क्षणी मारलेल्या ठोशाला स्टार मिळतो. जास्तीत जास्त तीन साठतात आणि स्टार्ट दाबून एकेक जोरदार ठोशासाठी वापरता येतो. तो साठवून मार खाल्ला तर हातचा जातो, म्हणून कंजूषपणा परवडत नाही. दोन राउंडच्या मधल्या वेळेत सिलेक्ट दाबल्यास थोडी ताकद भरून येते. एकाच राउंडमध्ये तीनदा पाडले की सामना संपतो.

किंग हिप्पो या प्रतिस्पर्ध्याला त्याने तोंड उघडल्यावरच तोंडावर मारायचे. त्याची चड्डी घसरते, ती सावरेपर्यंत पोटावरच्या पट्टीवर ठोसे लगावायचे. एकदा पडला की तो उठत नाही. बाल्ड बुल मागे जाऊन उड्या मारत धावून येतो. तिसऱ्या उडीला पोटात मारले की जागीच कोसळतो. घाई केली तर ठोसा वाया जातो, उशीर केला तर मॅक आडवा. या धावेच्या वेळी प्रेक्षकांत कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात वर्षानुवर्षे आले नव्हते.

ग्रेट टायगर हा मुंबईचा. पगडी, मणी, जादू, म्हणजे परदेशी नजरेतला ठोकळेबाज भारतीयच. पण सामना म्हणून तो नेटका रचला आहे. पगडीतला मणी लुकलुकला की जॅब (झटपट सरळ ठोसा) येणार. तो गरगर फिरत जादूचे ठोसे मारू लागला, की हुलकावणीच्या भानगडीत पडू नये; खालची दिशा दाबून पाचही ठोसे अडवावेत. मग तो भोवंडतो आणि एका ठोशात पडतो.

टायसनच्या पहिल्या राउंडची पहिली दीड मिनिटे सर्वांत कठीण असतात: त्या काळातला कोणताही अपरकट (खालून वर येणारा ठोसा) बसला की मॅक थेट खाली. म्हणून आधी तग धरावा, ठोसे मोजकेच मारावेत. थेट या लढतीसाठीचा पासवर्ड ००७-३७३-५९६३. १९९० मध्ये नव्याने निघालेल्या आवृत्तीत टायसनच्या जागी मिस्टर ड्रीम आला. चेहरा बदलला, चाली त्याच राहिल्या.

प्रगती पासवर्डनेच जपली जात असल्याने कॅसेटमध्ये बॅटरी नाही, त्यामुळे ती संपून नोंदी पुसल्या जाण्याची भीती नाही. अडचण येते ती टीव्हीची. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जवळपास तत्क्षणी दिसते, सपाट टीव्ही ते प्रक्रिया करून किंचित उशिरा दाखवतो. पहिल्याच सोप्या प्रतिस्पर्ध्यासमोर, ग्लास जोसमोर, हे जाणवत नाही. टायसनसमोर मात्र वेळेवर दाबलेले बटणही उशिरा ठरते. टीव्हीचा गेम मोड सुरू केल्यास फरक बराच कमी होतो.